नान्नजचा माळ, सातचा उजेड आणि टेली लेन्सची निवड

सोलापुरात पक्ष्यांचे फोटो काढताना उजेड कमी पडतो, असं बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. बारा महिने ऊन ओतणारं गाव हे! पण इथल्या उन्हाची गोची अशी की ते भरपूर असतं तेव्हा कामाचं नसतं. ऐन थंडीचे दिवस सोडले तर नऊ-साडेनऊनंतर शहराजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर जमिनीलगतची हवा तापून थरथरायला लागते. त्या हवेतून ८० मीटरवरचा धाविक (माळावर पळणारा छोटा पक्षी) टिपला की लेन्स दोन लाखांची असो नाहीतर वीस हजारांची, पिसांच्या कडा वितळलेल्याच येतात. मग काम उरतं ते उगवतीच्या आणि मावळतीच्या तासाभरात. पक्षीही तेव्हाच हलतात. चंडोल सकाळी गातो, भोवत्या हिवाळ्यात संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतो, पिंगळा दिवेलागणीला ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो.

म्हणून आपल्याकडे टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घेताना पहिला प्रश्न ‘किती लांबचं दिसतं’ हा नसून ‘सकाळी सातला काय दिसतं’ हा असायला हवा. खाली जो क्रम दिला आहे त्याच क्रमाने जा. बहुतेक जण ब्रँडपासून सुरुवात करतात आणि वजनाशी येऊन अडकतात.

पायरी १ : आपला पक्षी किती लांब बसतो ते मोजा

कागद-पेन घ्या. पक्ष्याची उंची मीटरमध्ये, तिला लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) गुणा आणि अंतराच्या मीटरने भागा. येणारा आकडा म्हणजे सेन्सरवर पक्षी किती मिलिमीटरचा पडेल ते. कॅमेऱ्यातला लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर साधारण १५ मिमी उंच असतो, मोठा, म्हणजे फुल फ्रेम २४.

पिंगळा २० सेंटिमीटरचा धरा. शेताच्या बांधावरच्या लिंबावर १५ मीटरवर बसलाय. ६०० मिमी लेन्सने तो ८ मिमी पडतो, म्हणजे क्रॉप बॉडीवर निम्मी फ्रेम. झकास. ३०० मिमीने ४ मिमी, म्हणजे पाव फ्रेम. तेही चालेल. आता उजनी धरणाच्या फुगवट्याकडे चला. रोहित पक्षी चांगला सव्वा मीटर उंच, पण बसतो १५० मीटर आत. ६०० ने तो ५ मिमी पडतो, कॅमेऱ्यासोबत किटमध्ये येणाऱ्या २५० मिमीने जेमतेम २ मिमी. आणि माळावरचा चंडोल? १५ सेंटिमीटरचा जीव, २० मीटरवर, ५०० ने पावणेचार मिमी.

हा हिशेब आपल्या नेहमीच्या तीन-चार जागांसाठी करा. तुम्ही मुख्यतः संभाजी तलावाच्या काठाने आणि घरामागच्या झाडांत फिरत असाल तर उत्तर वेगळं येईल, हिप्परग्याच्या तलावावर जात असाल तर वेगळं. नान्नजला तर गाडी रस्त्यावरच ठेवायची असते, तेव्हा अंतर तुमच्या हातात नसतंच.

पायरी २ : एफचा आकडा वाचा, पण एकटा वाचू नका

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: “साहेब, एफ फोर आहे. अंधारात राजा!”

राजा खरा, पण जवळच्या पक्ष्यापुरता. हे नीट समजून घेतलंत तर पैसे वाचतील, म्हणून इथे जरा थांबू.

एफचा आकडा म्हणजे लेन्स किती उघडते त्याचं माप. तो जितका लहान तितका सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर उजेड जास्त. एफ ४ आणि एफ ५.६ मध्ये एका स्टॉपचा फरक, म्हणजे दुप्पट उजेड. एफ ५.६ आणि ६.३ मध्ये फक्त एक तृतीयांश स्टॉप, त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. एफ ४ आणि ६.३ मध्ये सव्वा स्टॉपहून थोडं जास्त. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पण पक्ष्याच्या फोटोत आपण पूर्ण फ्रेम ठेवत नाही, कापतो. आणि कापलं की सेन्सरचा जेवढा तुकडा उरतो तेवढ्यावर पडलेलाच उजेड आपला. म्हणून लांबच्या पक्ष्यासाठी खरा आकडा वेगळा आहे: फोकल लेंथ भागिले एफचा आकडा. हे झालं लेन्सचं तोंड, मिलिमीटरमध्ये. पक्ष्याकडून निघालेला किती उजेड लेन्स गोळा करते ते या तोंडावर ठरतं.

३०० मिमी एफ ४ चं तोंड ७५ मिमी. ६०० मिमी एफ ६.३ चं ९५. क्षेत्रफळ काढलं तर दुसरी लेन्स त्याच पक्ष्याकडून १.६ पट उजेड घेते. प्रत्यक्षात कसं दिसेल? १/५०० सेकंद शटरला ३०० एफ ४ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० आला, तर ६०० एफ ६.३ वर ४००० येईल. स्क्रीनवर पहिला आकडा देखणा वाटतो. पण दोन्ही फोटोंत चंडोल सारखा मोठा दिसावा म्हणून पहिला फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापलात की त्यातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आयएसओ ६४०० च्या फोटोइतका होतो. हरला तो. उलट पिंगळा ८ मीटरवर असेल आणि ३०० नेच फ्रेम भरत असेल, तर झूम लेन्सही तुम्ही ३०० लाच वापरणार, तिथे ती एफ ५.६ ते ६.३ देणार, आणि एफ ४ वाला एक-सव्वा स्टॉपने जिंकणार.

बाजारातल्या लेन्सची तोंडं या हिशेबाने अशी येतात. किटची ५५-२५०, एफ ५.६ : ४५ मिमी. ४०० एफ ५.६ : ७१. ५०० एफ ७.१ : ७०. ८०० एफ ११ : ७३. ५०० एफ ५.६ : ८९. ८०० एफ ९ : ८९. ६०० एफ ६.३ : ९५. ५०० एफ ४ : १२५. ६०० एफ ४ : १५०.

ही ओळ पुन्हा वाचा. किटच्या लेन्सवरून १५०-६०० वर गेलात की लांबच्या पक्ष्यासाठी दोन स्टॉपहून जास्त कमाई. ६०० एफ ६.३ वरून ६०० एफ ४ वर गेलात की कमाई फक्त सव्वा स्टॉपची, आणि खर्च दहा लाखांच्या पुढे. पहिली उडी प्रत्येकाने मारावी. दुसरीसाठी धंदाच फोटोग्राफीचा असायला हवा.

याच हिशेबातून आणखी दोन गोष्टी निघतात. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावून तोंड मोठं होत नाही. १.४ चा लावला की एक स्टॉप जातो, २ चा लावला की दोन. उजेड तेवढाच राहतो, तो फक्त पसरतो, आणि फोकस मात्र मंदावतो. सातच्या उजेडात तो बॅगेतच बरा. दुसरं, फुल फ्रेम बॉडीचा कमी उजेडातला फायदा फ्रेम भरली तरच मिळतो. लांबचा चंडोल कापूनच घ्यायचा असेल तर तो फायदा कात्रीत जातो. म्हणून आधी लेन्स, मग बॉडी. ‘आधी बॉडी बदल’ असा सल्ला देणाऱ्याला विचारा, तू किती कापतोस?

पायरी ३ : शटर आधी ठरवा, आयएसओ त्याच्या मागे येऊ द्या

लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पक्ष्याची मान नाही. स्तब्ध बसलेला पिंगळा टेकू मिळाला तर १/१२५ लाही धारदार येतो. चरणारा चंडोल किंवा मान हलवणारा वेडा राघू १/५०० मागतो. उडणाऱ्या भोवत्याला किमान १/१६००. खंड्या सूर मारताना हवा असेल तर १/३२००, आणि तो नाद कोवळं ऊन पडल्याशिवाय करू नका.

आता उजेडाचा अंदाज. जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. आभाळ स्वच्छ असेल आणि सूर्य नुकता क्षितिजाला टेकला असेल तर एफ ६.३, १/५०० ला आयएसओ १२,८०० च्या घरात जातो. दहा-पंधरा मिनिटांत तोच ३,२०० च्या आसपास येतो. अर्ध्या तासाने हजाराच्या आत. ढग असतील किंवा पक्षी झाडीत असेल तर एक-दोन स्टॉप आणखी धरा.

गंमत पाहा: सव्वा स्टॉपसाठी लोक दहा लाख मोजतात आणि दहा-पंधरा मिनिटं गाडीत गप्प बसलं तर दोन स्टॉप फुकट मिळतात. अर्थात पक्षी थांबला तर.

कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं (एफचा आकडा सर्वांत लहान), शटर पक्ष्याप्रमाणे आणि आयएसओ ऑटो, अशी मांडणी ठेवा. फोटो रॉ मध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलेल्या डिनॉइजसारख्या सोयींनी ६४०० चा फोटो सुद्धा छापण्याजोगा होतो. पण त्यासाठी एक्स्पोजर जागेवर बरोबर हवं. आयएसओची भीती बाळगून काळपट काढलेला फोटो नंतर उजळला की सावल्यांत जो चिखल दिसतो, तो कुठलंच सॉफ्टवेअर धुऊन देत नाही.

पायरी ४ : आता यादी बघा

निकॉनची जुनी बॉडी असेल तर २००-५०० एफ ५.६ अजूनही पहिल्या नंबरवर. २०१५ साली आलेली ही लेन्स पूर्ण झूममध्ये एफ ५.६ धरून ठेवते, आणि सेकंडहँड बाजारात भरपूर मिळते. वजन २.३ किलो. एक तपासा: ती ‘ई’ प्रकारची आहे आणि डी९० सारख्या जुन्या बॉडीवर तिचं अ‍ॅपर्चर चालत नाही. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० या दोन किलोच्या आसपासच्या, नव्या घेतल्या तरी लाखाच्या आगेमागे. सिग्माचं ‘स्पोर्ट’ मॉडेल जास्त मजबूत, पण पावणेतीन किलोच्या वर. रिक्षाने तळ्यावर जाणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) असेल तर सोनीची २००-६०० आणि निकॉन झेडची १८०-६०० या दोन्हींचं तोंड ९५ मिमी, झूम करताना नळी बाहेर येत नाही. नान्नजच्या धुळीत ही मोठी सोय आहे. दीड-दोन लाखांची तयारी ठेवा. कॅननवाल्यांची अडचण जरा खरी आहे. आरएफ १००-५०० हलकी, सुरेख, पण ५०० ला एफ ७.१, तोंड ७० मिमी. २००-८०० चं तोंड ८९, म्हणून लांबच्या पक्ष्याला तीच सरस, जरी एफ ९ हा आकडा पाहून पोटात गोळा येत असला तरी. ६०० एफ ११ वजनाला किलोच्या आत आणि किमतीला सोसणारी, पण तोंड ५५ मिमी. उन्हातली लेन्स आहे ती, सातच्या उजेडातली नाही.

वजन कमी हवं आणि झूमशिवाय चालत असेल तर निकॉनची ५०० एफ ५.६ पीएफ पाहा. दीड किलोच्या आत ८९ मिमीचं तोंड. माझ्या मते सोलापूरच्या पक्षीमित्रासाठी, खिसा परवानगी देत असेल तर, यापेक्षा शहाणी खरेदी कमी आहे. कॅननची जुनी ईएफ ४०० एफ ५.६ ही सव्वा किलोची आणि धारदार, मात्र तिच्यात स्थिरीकरण नाही. बॉडीत स्थिरीकरण असलेल्या मिररलेसवर अ‍ॅडॉप्टरने लावली तर ती उणीव बरीच भरून निघते.

पायरी ५ : अंधारात फोकस पकडतो का

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘उणे ६ ईव्हीपर्यंत फोकस’ असं लिहिलेलं असतं. ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका उणे तितका अंधार. खालची बारीक ओळ वाचा. तो आकडा बहुधा एफ १.२ किंवा तशाच उघड्या लेन्सवर घेतलेला असतो. एफ ६.३ वर तुमच्या वाट्याला त्यातले चार-पाच स्टॉप कमीच येणार. मिररलेस बॉडी एफ ९, एफ ११ वरही फोकस करतात, पण तिन्हीसांजेला त्या चाचपडतात. जुन्या डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यांत) बरेच फोकस पॉइंट एफ ५.६ पर्यंतच भरवशाचे; टेलिकन्व्हर्टरने एफ ८ झालं की मधला एखादा चालतो किंवा तोही नाही.

काही उपाय लेन्स बदलण्याआधी करण्यासारखे आहेत. लेन्सवरचं फोकस लिमिटरचं बटण लांबच्या पल्ल्यावर ठेवा, म्हणजे मोटर उगीच जवळपर्यंत फिरून येत नाही. उजेड असतानाच पक्ष्याच्या फांदीच्या अंतरावर फोकस आणून ठेवा. आणि गवतातल्या करड्या पक्ष्याच्या करड्या पाठीवर बिंदू ठेवू नका. डोळा, भुवईची रेघ, पंखाची काळी कडा अशी ठळक जागा शोधा. पिंगळ्याचे पिवळे डोळे या बाबतीत देवासारखे धावून येतात.

पायरी ६ : वजन आणि टेकू

दोन किलोची लेन्स दुकानात पाच मिनिटं हलकीच लागते. माळावर आपण गाडीतून फोटो काढतो, कारण गवताळ रानातले पक्षी चालत्या माणसाला घाबरतात, थांबलेल्या गाडीला तितके नाही. मग ट्रायपॉड निरुपयोगी. लागते ती बीनबॅग. विकतची रिकामी पिशवी आणा किंवा जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी शिवून घ्या. तिची जाड वीण दारावर सरकत नाही. आत ज्वारी भरा. तीन किलो पुरते. वाळू भरू नका, ती शिवणीतून झिरपते आणि लेन्सच्या रिंगांत जाते. ज्वारीला मात्र पावसाळ्यात पोरकिडे लागतात, तेव्हा पिशवीला चेन हवी म्हणजे दाणे बदलता येतील. काच दोन तृतीयांश खाली, त्यावर पिशवी, पिशवीत लेन्स दाबून बसवलेली, इंजिन बंद. एवढं केलं की १/१२५ ला दहातले सात-आठ फोटो धारदार यायला हवेत. हाताने तेच १/५०० ला येतात. म्हणजे टेकूनेच दोन स्टॉप कमावले.

तळ्याच्या काठाने पायी फिरणाऱ्याने मोनोपॉड घ्यावा.

पायरी ७ : लेन्स संध्याकाळीच तपासा

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढलेले चार फोटो काही सांगत नाहीत. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारसाठी आणा आणि अशी परीक्षा घ्या.

सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जा. बसलेला बगळा किंवा पाणकावळा शोधा, २०-३० मीटरवरचा. पाणकावळा जास्त चांगला, काळ्यावर काळं असल्याने फोकसची खरी कसोटी लागते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, शटर १/५००, आयएसओ ऑटो. एक फोटो काढला की फोकस मुद्दाम पक्ष्याबाहेर न्या आणि परत आणा, मग दुसरा. असे दहा. पाच मिनिटं थांबा, पुन्हा दहा. फोकस मागेपुढे डुलायला लागेपर्यंत हे चालू ठेवा आणि तेव्हाचा आयएसओ लिहून ठेवा. दुसरी लेन्स मिळाली असेल तर त्याच संध्याकाळी, त्याच पक्ष्यावर. घरी येऊन शंभर टक्के मोठं करून फक्त डोळा बघा. कडा आणि कोपरे विसरा. फ्रेमच्या मधल्या भागात पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला लेन्स धारदार नसेल तर ती आपल्या कामाची नाही. ‘एफ ८ ला मस्त येते’ हे कौतुक सातच्या उजेडात शून्य उपयोगाचं, कारण तिथे एफ ८ परवडतच नाही.

जुनी लेन्स घेत असाल तर दोन्ही झाकणं काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडून मिळो, नको. लेन्स उभी धरून तोंड खाली करा, झूम आपोआप घसरत असेल तर भाव करायला कारण मिळालं. फोकस मोटर किरकिरते का ऐका. डीएसएलआरवर वर्तमानपत्र तिरपं ठेवून मधल्या ओळीवर फोकस करा. धार पुढच्या-मागच्या ओळीवर जात असेल तर बॉडीतल्या फाइन ट्यूनने सुधारतं का तेही तिथेच पाहून घ्या. बिल आणि सिरियल नंबर जुळवा. ‘ग्रे’ माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेला, स्वस्त मिळतो, पण भारतातली वॉरंटी त्याला नसते.

माळावरचे नियम

नान्नज शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला. १९७९ साली माळढोकसाठी राखलेलं हे अभयारण्य. आता माळढोकचं दर्शन दुरापास्त झालंय. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका, गाडी गवतात घालू नका, धाविक आणि टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात हे लक्षात ठेवा. घरट्यावरचा फोटो नको. उजेड कमी पडला म्हणून पिंगळ्यावर किंवा रातव्यावर फ्लॅश मारणाऱ्याला तर सोबत नेऊच नका.

लेन्स घरी आल्यावर

आपल्याकडे बुरशीपेक्षा धूळ मोठी. माळावर लेन्स बदलू नका. परत आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. थेट कापड फिरवलंत तर काळ्या मातीचे कण काचेवर रेघोट्या ओढतात. उन्हाळ्यात बंद गाडीत लेन्स ठेवू नका. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, डब्यात स्वस्तातला आर्द्रतामापक टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा. रंग बदलणारं सिलिका घ्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. मात्र तो तवा नंतर भाकरीला नको.